चाकण की बेंगळूर? पहिल्या नोकरीपुरतं उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा. खानापूर तालुक्यातलं गाव, शाळा मराठी माध्यमाची, बेळगावात मेकॅनिकलचं शेवटचं सेमिस्टर संपत आलंय. हातात दोन ऑफर आहेत. एक चाकणच्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीची, ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी म्हणून, वर्षाला ४.२ लाख, सोबत दोन वर्षांचा बाँड. दुसरी बेंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या इंजिनिअरिंग सर्व्हिसेस कंपनीची, डिझाइनमध्ये, ५.४ लाख. आई म्हणते पुण्याला जा, आपली भाषा, आपली माणसं, शिवाय जवळ. मित्र म्हणतात बेंगळूर हातचं घालवू नकोस. घरी भात आणि ऊस, वडील एकटे राबतात, धाकटी बहीण शिकतेय, आणि चार-पाच वर्षांनी बेळगावकडे परत यायची तुझी मनापासून इच्छा आहे. तू विचारतोस, सुरुवात करायला कुठलं शहर चांगलं?

वयानं तू माझ्या भाच्याएवढा आहेस, म्हणून अरे-तुरे करते. मी शहापूरची, म्हणजे बेळगावातच वाढलेली. आधी भोसरीत क्वालिटीत होते, नंतर बेंगळूरला पीन्या औद्योगिक वसाहतीत, आणि आता बरीच वर्षं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपची क्वालिटी सांभाळते. नवीन मुलं घ्यायची असली की मुलाखतीला मी असते. त्यामुळे या दोन्ही शहरांत राहणं मला ठाऊक आहे, आणि तिथून परत आलेली मुलं काय शिकून येतात तेही रोज समोर दिसतं. माझं सगळं म्हणणं या दुसऱ्या गोष्टीवर उभं आहे.

तू शहरं तोलतोयस, पण या दोन ऑफरमधला मोठा फरक कामात आहे. एका ठिकाणी तू दिवसभर मशीन, माणसं आणि तयार होणाऱ्या मालाच्या मध्ये उभा असशील. दुसऱ्या ठिकाणी संगणकासमोर बसून परदेशातल्या ग्राहकाचे पार्ट काढशील, ते कुठे आणि कोणाच्या हातून बनतात हे कदाचित कधीच बघणार नाहीस. ही दोन वेगळी करिअरं आहेत. पहिली दोन-तीन वर्षं जे काम केलंस, त्यावरूनच पुढची मुलाखत ठरते. शहर नंतर बदलता येतं. डिझाइनमधून प्रॉडक्शनला किंवा प्रॉडक्शनमधून डिझाइनला जायचं, तर बहुतेक वेळा पगारात एक पायरी खाली उतरावं लागतं. म्हणून आधी कामाचं ठरव, गाव त्याच्या मागून येईल.

आता तुझ्याच पत्रातली एक गोष्ट, जी तू ओझरती लिहिलीस. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये फिक्स्चर (मशीनवर जॉब, म्हणजे घडवायचा भाग, घट्ट धरून ठेवणारी चौकट) केलंस, तिथल्या सेटरबरोबर रात्री थांबून जॉब बसवलास, आणि ‘ते दिवस सगळ्यात चांगले गेले’ असं लिहिलंस. पगाराचे आकडे बाजूला ठेवून मी हे वाक्य परत वाचलं. ज्याला मशीनजवळ थांबायला आवडतं, त्याला एसी हॉलमध्ये दुसऱ्या वर्षी कोंडल्यासारखं होतं. उलटही खरं आहे. ज्याला मॉडेलिंगमध्ये तासन्‌तास हरवता येतं, त्याला शॉप फ्लोअरचा आवाज आणि रोजची भांडणं सोसत नाहीत. तू कोणत्या जातकुळीचा आहेस हे तुझं तुलाच ठाऊक. आई, मित्र किंवा मी ते ठरवू शकत नाही.

परत यायचं मनात आहे म्हणतोस, तर आपल्या भागात काय चालतं ते नीट बघ. बेळगावची ओळख फाउंड्री, मशीनिंग आणि हायड्रॉलिक्सची. उद्यमबाग आणि मच्छे भागात लहान-मध्यम कारखाने आहेत. हुक्केरी तालुक्यात हत्तरगीला विमानाच्या भागांचं विशेष आर्थिक क्षेत्र उभं राहिलं, आणि त्यानं जिल्ह्यातल्या मुलांसाठी एक नवा दरवाजा उघडला. निपाणीकडून थोडं पुढे गेलं की कागल, गोकुळ शिरगाव, शिरोली, म्हणजे कोल्हापूरचा सगळा फाउंड्री पट्टा. या सगळ्या ठिकाणी माणूस हवा असतो तो ड्रॉइंग वाचणारा, प्रोसेस बसवणारा, रिजेक्शन कुठून येतंय ते शोधणारा आणि ग्राहकाच्या ऑडिटला सामोरा जाणारा. निव्वळ कॅड येणारा मुलगाही लागतो, पण एका कारखान्याला असा एक-दोनच.

मुलाखतीत मी काय करते ते सांगते, म्हणजे फरक डोळ्यांसमोर येईल. टेबलावर एक मशीन केलेलं कास्टिंग, त्याचं ड्रॉइंग, एक बोअर गेज आणि एक मायक्रोमीटर ठेवते. म्हणते, हा भाग ठीक आहे का ते सांग. चाकणला दोन वर्षं काढून आलेला एक मुलगा आठवतो. त्यानं गेजला हातच लावला नाही. आधी ड्रॉइंगच्या कोपऱ्यातला रिव्हिजन नंबर बघितला आणि विचारलं, ‘मॅडम, हे लेटेस्ट आहे का?’ मग डेटम, म्हणजे सगळी मापं जिथून धरतात ती बाजू, कुठला धरलाय ते शोधलं, गेजचं कॅलिब्रेशन स्टिकर बघितलं, आणि नंतर मोजायला घेतलं. ही सवय पुस्तकात मिळत नाही. चुकीच्या रिव्हिजनवर बनलेला लॉट ग्राहकाकडून परत आलेला ज्यानं बघितलाय, त्याच्याच अंगात ती मुरते.

त्याच टेबलावर बेंगळूरहून आलेल्या एका मुलानं अर्ध्या तासात तोच भाग सुरेख मॉडेल करून दाखवला. फक्त आत एका खिशाचा, म्हणजे कोरून काढायच्या खोलगट भागाचा, कोपरा त्यानं असा काटकोनात ठेवला, की आमचा व्हीएमसीचा (संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनचा) ऑपरेटर मागून वाकून बघत म्हणाला, ‘साहेब, इथं टूल जाणार कसं?’ मुलगा हुशार होता, पुढे शिकलाही. पण शॉप फ्लोअर कधी बघितलेला नसला की काय राहून जातं, ते त्या कोपऱ्यात दिसत होतं. उलट उदाहरणही माझ्याकडे आहे. बेंगळूरलाच विमानाच्या भागांचं काम करून आलेली एक मुलगी. तिला टूलिंग डिझाइन, पहिल्या नगाची संपूर्ण तपासणी, एएस ९१०० या विमान उद्योगाच्या गुणवत्ता मानकाची कागदपत्रं सगळं येत होतं, कारण तिचा विभाग कारखान्याला जोडलेला होता. म्हणजे बेंगळूर वाईट आणि चाकण चांगलं असा याचा अर्थ नाही. काम बनत्या वस्तूच्या किती जवळ आहे, ते बघायचं.

म्हणून दोन्ही कंपन्यांना एकच गोष्ट विचारायची आहे: मला कोणत्या विभागात ठेवणार? चाकणच्या पत्रात ‘जीईटी’, म्हणजे ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी, एवढंच असतं आणि नेमणूक नंतर ठरते. क्वालिटी, प्रोसेस इंजिनिअरिंग, टूल रूम, नवीन पार्ट डेव्हलपमेंट यांपैकी काही मिळालं, तर ते वर्ष सोन्यासारखं. लाइनवर फक्त संख्या भरायला उभं केलं, तर वर्षाअखेरीस तू दमलेला असशील आणि शिकलेलं फार नसेल. बेंगळूरच्या कंपनीला विचार, प्रोजेक्ट कोणत्या क्षेत्रातला, काम नव्या भागांचं की जुन्या ड्रॉइंगना नव्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवण्याचं, आणि प्रोजेक्ट मिळेपर्यंत किती दिवस नुसतं बसवून ठेवतात. शेवटचा प्रश्न विचारायला मुलं लाजतात. लाजू नकोस.

आता पैशाकडे येऊ, कारण १.२ लाखांचा फरक मोठा दिसतो आणि मित्रांचा सगळा जोर त्यावरच आहे. सीटीसी, म्हणजे कंपनी तुझ्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च, ही हातात येणारी रक्कम नाही, हे तुला माहीत असेल, पण हिशेब मांडून बघितलास का? समजा दोन्हीकडे बेसिक निम्मा धरला. चाकणचे महिन्याचे ३५,००० होतात. त्यातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटीसाठी धरलेले साधारण ८४० वजा जातात. ग्रॅच्युइटी पाच वर्षं पूर्ण होण्याआधी सहसा मिळत नाही, तरी ती सीटीसीत मोजलेली असते. मग तुझ्या वाट्याचा पीएफ १,८००, व्यावसायिक कर २००. हातात तीस हजारांच्या आसपास. बेंगळूरचे महिन्याचे ४५,०००, पण त्यात दहा टक्के व्हेरिएबल आहे असं तू लिहिलंयस. ते वर्षाअखेरीस, कामगिरी बघून मिळतं. म्हणजे दरमहा ४०,५००. वरच्यासारखीच वजाबाकी केली की हातात साडेपस्तीस. आयकराचं म्हणशील, तर २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत या दोन्ही पगारांवर तो शून्यच. महिन्याचा दहा हजारांचा दिसणारा फरक असा साडेपाचवर आला.

आता खर्च. माझ्या ओळखीची जी मुलं सध्या तिथं आहेत, त्यांच्याकडून ऐकते ते असं: इलेक्ट्रॉनिक सिटीत दोघांच्या खोलीत जेवणासह पीजी घेतलं, तर नऊ ते बारा हजार. चाकण-मोशी भागात तिघांत मिळून फ्लॅट आणि मेस धरली, तर सात-आठ हजारांत भागतं. शिवाय कंपनीची बस आणि एक वेळचं कॅन्टीन असलं, तर आणखी वाचतात. तुझ्या कंपनीत या दोन्ही सोयी आहेत का, ते पत्रात नाही, म्हणून विचारून घे. फरक राहिला महिन्याला दोन-तीन हजारांचा. पुढे पीजी सोडून बेंगळूरला फ्लॅट घ्यायचा झाला, तर डिपॉझिटची तयारी ठेव. तिथं पूर्वी दहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागायची पद्धत होती, आता बऱ्याच ठिकाणी ते कमी झालंय, तरी पुण्याच्या दोन-तीन महिन्यांपेक्षा जास्तच असतं. पुण्यात मात्र अकरा महिन्यांचा करार रजिस्टर करून घे. महाराष्ट्रात ते बंधनकारक आहे, आणि पत्त्याचा पुरावा म्हणून बँकेपासून गॅस कनेक्शनपर्यंत तोच कागद कामाला येतो.

दोन-तीन हजारांसाठी करिअर ठरवू नये, असं मी सहज म्हणून गेले असते. पण घरची परिस्थिती मला माहीत नाही. बहिणीची फी किंवा सोसायटीचं कर्ज याच पगारातून जाणार असेल, तर दोन हजारही मोठे असतात आणि त्याबद्दल कोणी तुला बोल लावायचं कारण नाही. तसं असेल तर हिशेब वडिलांबरोबर बसून कर, मित्रांबरोबर नको.

आईचं म्हणणं आता. पुणं जवळ आणि आपलं. दोन्ही गोष्टी अर्ध्याच खऱ्या आहेत.

जवळचं आधी. बेळगावहून पुणं साधारण ३४० किलोमीटर, बेंगळूर ५०० च्या आसपास. पण पत्रात लिहिलंय चाकण. बस तुला स्वारगेटला किंवा वाकडला उतरवेल, तिथून भोसरी-मोशीवरून पुढे चाकण. त्यात सातारा ते कागल महामार्गाचं सहापदरीकरण चालू असल्यामुळे कऱ्हाड-कोल्हापूरकडे गाडी कधी किती अडकेल, याचा भरवसा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, भोसरी-चाकण पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, तीही एकच दिवस. बुधवारी दुसरी शिफ्ट संपवून रात्री निघालास, तर गुरुवारी उशिरा सकाळी खानापूर, आणि शुक्रवारच्या पहिल्या शिफ्टला पोहोचायचं तर संध्याकाळी परत बसमध्ये. घरचे सगळे कामावर-शाळेत असतात तो वार. मी भोसरीत होते तेव्हा नात्यातलं प्रत्येक लग्न रविवारी यायचं आणि प्रत्येक वेळी रजा टाकावी लागायची. बेंगळूरच्या सर्व्हिसेस कंपनीत शनिवार-रविवार दोन्ही सुट्ट्या असतात. शुक्रवारी रात्री राणी चन्नम्मा किंवा दुसरी रातगाडी पकडलीस की शनिवारी सकाळी बेळगाव, रविवारी रात्री परतीची गाडी, सोमवारी ऑफिस. ऑगस्ट २०२५ पासून बेंगळूर-बेळगाव वंदे भारतही सुरू आहे. त्याच महिन्यात इलेक्ट्रॉनिक सिटीवरून बोम्मसंद्रापर्यंत जाणारी पिवळी मेट्रोही सुरू झाली, म्हणजे शहरात शिरायचा रस्त्यावरचा त्रासही कमी झाला. पुण्याकडे हुबळी-पुणे वंदे भारत सप्टेंबर २०२४ पासून आहे, पण आठवड्यातून तीनच दिवस. थोडक्यात, नकाशावर लांब असलेल्या बेंगळूरहून तू घरी जास्त वेळा येशील, अशी शक्यता आहे. आईला हे वार आणि गाड्या लिहून दाखव. नुसतं ‘लांब नाही गं’ म्हणून तिचं समाधान होणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरच्या कोणाला सुचणार नाही, पण आपल्या भागातल्या माणसाला विसरता येत नाही. पुणं जवळ असलं तरी कोगनोळीच्या, म्हणजे राज्याच्या सीमेच्या, पलीकडे आहे. सीमाप्रश्न तापला की सगळ्यात आधी एसटी आणि कर्नाटकच्या बसगाड्या थांबतात. डिसेंबर २०२२ मध्ये तेच झालं, फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा. असे दिवस थोडे असतात आणि रेल्वे चालू राहते, म्हणून यावर नोकरी ठरवायची नाही. पण घरी कोणी आजारी असताना असा दिवस आला तर काय, हे आधी ठरलेलं बरं. पुण्याला गेलास, तर बेळगाव-मिरज मार्गावरच्या गाड्यांच्या वेळा वडिलांच्याही मोबाइलमध्ये असू देत.

आता ‘आपली माणसं’. चाकणच्या कारखान्यात मराठी ऐकू येतं हे खरं, पण लाइनवर विदर्भ-मराठवाड्यापासून उत्तर प्रदेश-बिहारपर्यंतची मुलं असतात आणि सुपरवायझर हिंदीत बोलतो. आणि आपलं बेळगावी मराठी ऐकून पहिल्या आठवड्यात कोणीतरी ‘तुम्ही कानडी का?’ असं विचारणारच. मन खट्टू करून घेऊ नकोस, महिन्याभरात ते विरतं. बेंगळूरला तू निव्वळ परका असशील, असंही नाही. मराठी माध्यमात शिकलास तरी कन्नड विषय म्हणून होतंच, गावातल्या संतेत (आठवडी बाजारात) आणि बस स्टँडवर ते कानावर पडलेलं आहे. तिथल्या लोकांना तुझ्या बोलण्यात धारवाड-बेळगावकडचा सूर ओळखू येईल, पण रिक्षावाला, घरमालक, पोलीस चौकी सगळं तू निभावशील. पुण्या-मुंबईहून थेट गेलेल्या मुलाला हे जमत नाही. आईला जी भीती वाटते, ती कन्नड अजिबात न येणाऱ्या मुलाची आहे. तुझी नाही.

ही दोन भाषांची शिदोरी कामातही चालते, हे मी स्वतः बघितलंय. भोसरीत असताना कास्टिंगचे सप्लायर तपासायला जायचं असलं, की बेळगाव आणि शिवमोग्ग्याच्या फाउंड्रींना मलाच पाठवायचे, कारण तिथल्या मोल्डिंगच्या माणसाशी मी थेट कन्नडमध्ये बोलू शकत असे. साहेबासमोर इंग्रजीत सगळं ‘ओके’ असतं. वाळूत ओलावा जास्त आहे, हे माणूस कन्नडमध्येच सांगतो. त्या दौऱ्यांनी मला सप्लायर क्वालिटीत नेलं आणि पुढचं सगळं त्यातून आलं. बेंगळूरला गेल्यावर याच्या उलट झालं. पुणे-कोल्हापूरच्या सप्लायरचे फोन माझ्याकडे वळवले जायचे. तेव्हा कुठेही गेलास तरी पहिल्या महिन्यातच सांगून ठेव, की तुला दोन्ही भाषा येतात. कोणी आपणहून विचारत नाही.

भाषेची खरी अडचण तिसरीच आहे. ग्राहकाला ईमेल, तक्रारीचं उत्तर, ऑडिटचा अहवाल हे सगळं दोन्ही शहरांत इंग्रजीत. आपल्याकडची मराठी माध्यमाची मुलं बोलताना अडखळतात त्यापेक्षा लिहिताना जास्त अडतात, आणि मग चांगलं काम करूनही त्यांचं नाव कागदावर येत नाही. रुजू होईपर्यंत तुझ्याकडे वेळ आहे. रोज एक पान लिही. तुझ्याच प्रोजेक्टमध्ये काय बिघडलं, का बिघडलं, काय बदललं, हे चार-पाच सोप्या वाक्यांत लिहून कॉलेजातल्या एखाद्या सरांना दाखव. उद्या कारखान्यात नेमकं हेच करायचंय.

कागदपत्रांचं थोडं. सरकारी नोकरीचा विचार मनाच्या कोपऱ्यात असला, तर महाराष्ट्र शासन दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांना राज्य सेवेच्या परीक्षांसाठी पात्र धरतं. तुझं गाव त्या यादीत आहे का ते बघ. त्या गावातल्या पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि मराठी शाळेचे दाखले जपून ठेव. पुण्याला गेल्यावर घाईनं रेशन कार्डातून नाव काढू नकोस. मोटारसायकल नेणार असशील, तर केए-२२ ची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी बेळगाव आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो. बेंगळूरला ही भानगडच नाही. चाकणला कंपनीची बस असेल तर पहिलं वर्ष गाडी घरीच राहू दे, वडिलांच्या उपयोगी पडेल.

बाँडचं तू घाबरत विचारलंयस. दोन वर्षांचा बाँड म्हटल्यावर लगेच नाही म्हणायची गरज नाही. प्रशिक्षणावर कंपनीचा खरोखर खर्च होत असेल, तर मधेच सोडल्यास त्याची वाजवी भरपाई मागायला तिला आधार असतो. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्धी कंपनीत जायचंच नाही, असं कलम मात्र भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही. रक्कम किती, दर महिन्याला ती कमी होत जाते का, आणि ट्रेनी काळात कंपनीनंच काढलं तर काय, एवढं वाच. मूळ मार्कशीट आणि व्हीटीयूची (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाची) पदवी कोणत्याही कंपनीच्या ताब्यात द्यायची नाही. तपासायला दाखव, झेरॉक्स दे, मूळ कागद परत घरी.

मंदीचाही विचार कर. चाकणचं नशीब वाहनांच्या विक्रीला बांधलेलं आहे. २०१९ मध्ये विक्री पडली तेव्हा वाहन कारखान्यांनी उत्पादन बंद ठेवण्याचे दिवस घेतले, आणि त्याची झळ सुटे भाग बनवणाऱ्यांना बसली. बेंगळूरच्या सर्व्हिसेस कंपनीत परदेशातला ग्राहक गेला की प्रोजेक्ट जातो आणि माणूस बेंचवर, म्हणजे कामाविना बसून, राहतो. म्हणून असं बघ: पहिली नोकरी वर्षभरात बिघडली, तर त्याच खोलीत राहून दुसरी शोधता येईल का? प्रॉडक्शन-क्वालिटीवाल्याला भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगाव आहे. डिझाइनवाल्याला इलेक्ट्रॉनिक सिटी, व्हाइटफील्ड, आउटर रिंग रोड. या बाबतीत दोन्ही शहरं भक्कम आहेत, तेव्हा हा मुद्दा काटा कुणीकडे झुकवत नाही.

आतापर्यंतचं एकत्र धरलं तर पैसा जवळपास बरोबरीचा, घरी येण्याजाण्यात बेंगळूर थोडं सरस, भाषेची अडचण दोन्हीकडे सारखीच किरकोळ. काट्यावर उरतं फक्त काम, आणि तिथं माझं मत स्पष्ट आहे. तुला परत यायचं असेल आणि फिक्स्चरच्या त्या रात्री खरंच आवडल्या असतील, तर चाकण घे. अट एकच: क्वालिटी, प्रोसेस, टूल रूम किंवा डेव्हलपमेंट यांपैकी एक विभाग त्यांनी ईमेलवर कबूल करायला हवा. ‘आल्यावर बघू’ असं उत्तर आलं आणि बेंगळूरच्या कंपनीनं कारखान्याला जोडलेलं टूलिंगचं किंवा विमानाच्या भागांचं काम देऊ केलं, तर डोळे मिटून बेंगळूर घे. तोच अनुभव हत्तरगीला उद्या उपयोगी पडेल. दोन्हीकडून गोलमोल उत्तरं आली, तरीही मी चाकणकडेच झुकेन, कारण कारखान्यात विभाग मागून घेता येतो. सहा महिने लाइनवर नीट काम करून दाखव आणि मग माग. क्लायंटच्या प्रोजेक्टवर बसवलेल्या नव्या मुलाला ही मोकळीक फारशी नसते.

बहिणीच्या शिक्षणामुळे दर महिन्याचा पैसा जास्त निकडीचा असेल, किंवा आई-वडिलांपैकी कोणाच्या तब्येतीमुळे महिन्यातून दोनदा घरी यावंच लागणार असेल, तर माझं मत उलटं धर आणि बेंगळूरला जा. हे मी मनाची समजूत म्हणून सांगत नाहीये. शनिवार-रविवारची सुट्टी आणि रातगाडी या अशा घराला खरोखर आधार देणाऱ्या गोष्टी आहेत.

ऑफर स्वीकारायला दहा दिवस आहेत म्हणतोस, ते पुरेसे आहेत. आजच दोन्ही एचआरना छोटा ईमेल लिही, इंग्रजीत, सहा ओळींचा: विभाग कोणता, रिपोर्टिंग कोणाला, साप्ताहिक सुट्टी कधी, बस-कॅन्टीन आहे का, बाँडची पूर्ण प्रत मिळेल का. बेंगळूरला यात प्रोजेक्टचं क्षेत्र आणि व्हेरिएबलचे नियम जोड. मग लिंक्डइनवर दोन्ही कंपन्यांत व्हीटीयूची मुलं शोध. आपल्या कॉलेजचं कोणी ना कोणी निघेलच. त्यांना एकच विचार, पहिल्या वर्षी प्रत्यक्ष हातात काय काम होतं. चाकणला फोन करायचा तर गुरुवार सोडून कर, आणि शिफ्ट बदलायच्या वेळी नको. सकाळी अकराच्या सुमारास केलास की माणूस जागेवर सापडतो.